दत्तक इंजिन

आपल्याकडे दत्तक घेण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला मुलाचा. तो सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यावर धर्मशास्त्रात ग्रंथ आहेत, कोर्टात दावे आहेत आणि भाऊबंदांच्या पोटात दुखणी आहेत. दुसरा प्रकार गावाचा. राष्ट्रीयीकरणानंतर बँका गावं दत्तक घेऊ लागल्या. वेशीवर पाटी लागते, हारतुरे होतात, फोटो निघतो आणि मग पाटीचा रंग उडेपर्यंत बँक आणि गाव एकमेकांना न दुखवता सुखानं राहतात. तिसरा प्रकार इंजिनाचा. मोटारीचं मूळ इंजिन कामातून गेलं, की दुसऱ्या मोटारीतून निघालेलं जुनं पण धडधाकट इंजिन आणून तिच्या पोटात बसवायचं. या तिसऱ्या प्रकारावर मात्र कुणा शास्त्र्यानं ग्रंथ लिहिल्याचं ऐकिवात नाही. वास्तविक आमच्या जळगाव-धुळ्याकडची मालवाहतूक ज्यांच्या जिवावर चालत आली, त्यांत या दत्तकपुत्रांचा वाटा मोठा आहे.

मी बँकेत कारकून आहे आणि शिक्षणानं बी.कॉम. आहे. इंजिनाशी माझा अधिकृत संबंध एवढाच, की वाहनकर्जाच्या कागदावर त्याचा नंबर मी उतरवून घेतो. अक्षरं आणि आकडे मिळून हा नंबर इतका लांब असतो, की उतरवताना मध्ये एक चहा होतो. परंतु इतिहास लिहिणाऱ्याला त्या विषयातलं काम करता आलंच पाहिजे, असा आग्रह आजवर कुणी धरलेला नाही. पानिपतावर लिहिणाऱ्या किती जणांना घोड्यावर बसता येतं?

दत्तकाचा विषय निघाला, की खानदेशच्या माणसाला उदाहरणासाठी लांब जावं लागत नाही. धुळ्याहून आग्रा रोडनं नाशिककडे निघालं की मालेगाव लागतं, आणि मालेगाव तालुक्यात कौळाणे नावाचं गाव आहे. १८७५ साली इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून उतरवलं. संस्थान होतं, खजिना होता, हत्ती होते, सोन्याच्या तोफा होत्या. चालवणारं कुणी नव्हतं. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर चेसिस उत्तम, बॉडी रंगवलेली, टायर नवे आणि इंजिन उतरवलेलं. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कौळाण्याच्या गायकवाड घराण्यातली मुलं बडोद्याला नेली, पारखली आणि त्यांतून बारा वर्षांचा गोपाळ निवडला. त्याला तोवर लिहिता-वाचता येत नव्हतं. तोच पुढं सयाजीराव महाराज झाला. १९३९ साली देह ठेवीपर्यंत त्रेसष्ट वर्षांवर त्यानं ते संस्थान चालवलं, आणि १९०६ साली राज्यभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं. ज्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं त्यानं सगळ्या राज्याला पाटीवर बसवलं. दत्तक कसं निघावं, याचा हा आदर्शच म्हणायचा.

या गोष्टीतून तीन नियम निघतात. चेसिस शाबूत असावी. दत्तक त्याच गोत्रातलं असावं. आणि वरिष्ठांची मंजुरी लेखी असावी. यांतल्या तिसऱ्या नियमाची किंमत आपल्या लोकांनी आधीच मोजली होती. लॉर्ड डलहौसी नावाचा एक गव्हर्नर जनरल होऊन गेला. त्यानं १८४८ साली सातारा आणि १८५४ साली झाशी व नागपूर अशी राज्यं 'दत्तक नामंजूर' म्हणून खालसा केली. मुलगा बरा होता की वाईट, याची चौकशी कुणी केली नाही. कागद नाही, एवढंच पुरलं. १८५७ चा भडका उडून गेल्यावर इंग्रजांना शहाणपण सुचलं आणि १८६२ साली संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. म्हणून तर गोपाळ बडोद्याला पोहोचला.

हे तीन नियम पदराला बांधून आता मोटारीकडे वळू.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. सरकारनं मध्यंतरी सगळ्या महामार्गांचे नंबर बदलले, पण लोक अजून आग्रा रोड आणि सुरत रोडच म्हणतात. जिथं दोन रस्ते भेटतात तिथं आधी चहावाला येतो. चहाला थांबलेल्यांची हवा तपासायला पंक्चरवाला येतो. पंक्चरवाल्याला न जमणाऱ्या कामासाठी मिस्त्री येतो, आणि मिस्त्रीला न जमणाऱ्या कामासाठी भंगारवाला. या चौघांची वस्ती झाली, की इंजिनाच्या दत्तकविधीला लागणारे सगळे भटजी एका जागी जमले असं समजावं.

पण सुरुवातीला हा विधी इंजिन बदलण्याचा नव्हता, इंजिनाचं अन्न बदलण्याचा होता. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग झालं तेव्हा मोटारींना कोळशाच्या भट्ट्या जोडल्या गेल्या. भट्टीत कोळसा धुमसायचा, त्याचा गॅस नळीनं इंजिनात जायचा आणि गाडी कशीबशी चालायची. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचं. उतारू या शब्दाचा खरा अर्थ त्या काळात लोकांना कळला असावा. युद्ध संपलं आणि लष्करानं आपल्या मोटारी विकायला काढल्या. त्यांना लोक डिस्पोजलच्या गाड्या म्हणत. गाड्या मजबूत होत्या, पण पेट्रोलवर चालणाऱ्या होत्या आणि त्यांची तहान मोठी होती. लढाईत पेट्रोलचं बिल सरकार भरतं. शेंगांची पोती वाहताना ते ज्याचं त्याला भरावं लागतं.

यावरचा तोडगा आधीच तिकडे इंग्लंडात निघाला होता. डिझेल इंजिन तोवर जड आणि संथ असे. ते जहाजाला किंवा कारखान्याला ठीक. मोटारीला बैलगाडीचं रूप देणारं. १९३२ साली पीटरबरो गावी फ्रँक पर्किन्स आणि चार्ल्स चॅपमन यांनी कंपनी काढली. पेट्रोल इंजिनाच्या जागी बसेल असं हलकं आणि चपळ डिझेल इंजिन करायचं, हा त्यांचा मनसुबा. १९३७ साली त्यांचं पी-६ हे सहा सिलिंडरचं इंजिन निघालं. दुसऱ्याची पेट्रोल इंजिनं काढून त्या जागी यांची बसू लागली. म्हणजे दत्तक देण्याच्या हेतूनंच जन्माला घातलेलं हे मूल! १९५० च्या दशकात मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं ते आपल्याकडे करायला घेतलं, आणि मुंबईच्या प्रीमियर कंपनीच्या डॉज व फार्गो या ट्रकांतही ते दिसू लागलं. डॉज आणि फार्गो ही जुळी भावंडं. बारसं दोनदा केलं, एवढाच फरक.

या प्रीमियर कंपनीचा धागा धुळ्याशी जुळतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, तेव्हा त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक धुळ्याकडे पांझरा नदीवर होतं. नळाचा सायफन टाकून पाणी पलीकडे न्यायचं. पुढं म्हातारपणी याच गृहस्थांनी, हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघालाच पाहिजे, असा ध्यास घेतला आणि त्यासाठी विलायत-अमेरिका पालथी घातली. ती कल्पना वालचंद हिराचंदांनी उचलली आणि १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कारखाना कुर्ल्याला. काळाचा विनोद असा, की कारखाना केव्हाच थंडावला; पण जुन्या मोटारींचे सुटे भाग हवे असतील तर मुंबईकर आजही कुर्ल्याचाच रस्ता दाखवतो. जिथं इंजिनं जन्माला आली तिथंच त्यांचा पुनर्जन्म होतो. काशीचं जे महत्त्व माणसाला, तेच कुर्ल्याचं मोटारीला.

दत्तकाची दुसरी लाट आणली ती अरबांनी. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि चार-सहा महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव तीन डॉलरवरून बारा डॉलरच्या घरात गेला. त्या काळी आमच्या भागातली खडबडीची मानकरी म्हणजे जीप. ती सातपुड्याच्या पायथ्याशी चढायची, लग्नाचं वऱ्हाड वाहायची, निवडणुकीत ओरडत फिरायची. पण ती पेट्रोलवर चालायची. पेट्रोल भडकलं तशी जीपची पोटं उघडली जाऊ लागली. पेट्रोलचं इंजिन काढायचं आणि मिळेल ते डिझेल इंजिन बसवायचं. महिंद्र कंपनीनंही १९७० च्या दशकात आपल्या ट्रॅक्टरशी रक्ताचं नातं सांगणारं डिझेल इंजिन जीपला दिलं. पुढं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानं इगतपुरीला इंजिनं तयार होऊ लागली. इगतपुरी म्हणजे आमच्या आग्रा रोडवरच. तिकडे बजाज टेम्पोची मेटाडोर १९६९ पासून रस्त्यावर होतीच; १९८० च्या दशकात तिला मर्सिडीजच्या परवान्याचं डिझेल इंजिन मिळालं. मिस्त्री लोकांनी त्याचा ठणठणीतपणा हेरला. मोडक्या मेटाडोरमधून निघालेलं ते इंजिन जीपमध्ये गेलं, अॅम्बॅसडरमध्येही गेलं. बाहेरून खादी आणि आतून जर्मन, अशा त्या गाड्या होत्या. आमच्या शेजारी सौराष्ट्रात तर त्यावरही ताण! पुढून बुलेट मोटारसायकल, मागून गाडा आणि मध्ये शेतीचं एका सिलिंडरचं इंजिन, असा छकडा त्यांनी रस्त्यावर आणला. त्याला दत्तक म्हणावं की अनाथाश्रम, हे मला ठरवता आलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, ही सगळी खाजगी लोकांची लटपट झाली. तसं नाही. इंजिनांची सर्वांत मोठी अदलाबदल रीतसर, रजिस्टर ठेवून आणि सरकारी शिस्तीत कुणी केली असेल, तर आपल्या एसटीनं. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर अशी पहिली एसटी धावली तेव्हा ताफ्यात शेवरलेट, फोर्ड, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, लेलँड अशी दहा घराण्यांची मंडळी होती. पुढं घराणी कमी झाली आणि पद्धत पक्की झाली. बसचं इंजिन थकलं, की त्याची दुरुस्ती होईपर्यंत बस उभी ठेवायची नाही. कार्यशाळेत नीट करून ठेवलेलं दुसरं इंजिन तिला चढवायचं आणि तिचं थकलेलं इंजिन दुरुस्तीला घ्यायचं. ते बरं झालं, की तिसऱ्याच बसमध्ये जायचं. एकत्र कुटुंबात जसा थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा चुलतभावाला, तसा हा कारभार. कुणाचं कुठलं, हे फक्त आजीला माहीत. एसटीत ती आजी म्हणजे कार्यशाळेतलं रजिस्टर.

एकत्र कुटुंबाचं रजिस्टर निभावतं. एकट्याचं निभावत नाही. इथं आमची बँक येते.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शेतकरी, छोटे कारागीर यांच्याबरोबर छोटे वाहतूकदारही कर्जाच्या रांगेत मानाने उभे राहिले. ज्याच्या बापाला बँकेच्या पायरीवर उभं राहायची भीती वाटे, तो टेम्पोचा मालक झाला. म्हणजे टेम्पोवर नाव त्याचं आणि कागदावर तारण बँकेचं. त्या कागदावर दोन नंबर असतात, चेसिसचा आणि इंजिनाचा. चेसिस नंबर म्हणजे घराण्याचं नाव; तो जन्मभर सोबत राहतो. इंजिन नंबर म्हणजे कर्त्या पुरुषाचं नाव. कर्ता पुरुष बदलला, तर ते सातबाऱ्यावर चढवावं लागतं. नाहीतर घरात राबणारा एक आणि कागदावर नांदणारा दुसराच, असा घोळ होतो.

माझ्या मावसभावाच्या घरी हा प्रसंग मी जवळून पाहिला. तो सावद्याकडे असतो. त्याचं पिकअप आहे. बागेतून केळीचे घड उचलायचे आणि दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकपर्यंत पोहोचवायचे, हा त्याचा धंदा. पूर्वी सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी भरल्या जात आणि बागेपासून स्टेशनापर्यंत बैलगाडी पुरे. आता बैलाची जागा पिकअपनं घेतली आहे. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन मिळालं म्हणून केळी ऊन सोसत नाही. कापलेला घड वेळेत गेला पाहिजे. २०२३ च्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, त्याच्या गाडीचा पाण्याचा पाइप फाटला. गाडीत माल होता, पुढं ट्रक उभा होता. त्यानं पाच-सहा किलोमीटर तशीच दामटली. माल पोहोचला, इंजिन पोहोचलं नाही. ब्लॉकला तडा गेला होता.

गाडीचं कर्ज दुसऱ्या एका बँकेचं, आणि ते फिटायला अजून वर्ष होतं. कंपनीकडून नवं इंजिन घ्यावं, तर त्या पैशात घरातलं एक लग्न उरकलं असतं. त्याच्या पाठच्या बहिणीचं ते व्हायचंच होतं, म्हणून ही तुलना त्याला ताबडतोब सुचली. ट्रक भरणारा व्यापारी चार दिवस वाट बघतो, पाचव्या दिवशी दुसरी गाडी बघतो. तेव्हा ठरलं, धुळ्याला जायचं आणि जुनं इंजिन आणायचं. मला बरोबर घेतलं. त्याच्या समजुतीप्रमाणे ज्याला नंबर वाचता येतात त्याला इंजिन वाचता येतं.

धुळ्याच्या मिस्त्रींनी महामार्गाच्या कडेची एक शेड दाखवली. आत ओळीनं इंजिनं मांडून ठेवलेली. दत्तक देण्याच्या मुलांची अशी रांग कौळाण्यातही नसेल. दुकानदारानं पहिला प्रश्न टाकला, "हाफ पाहिजे का फुल?" मला वाटलं, चहाचं विचारतोय. मी 'हाफ' म्हणणार तोच मिस्त्रींनी सांगितलं, की हाफ इंजिन म्हणजे नुसता ब्लॉक, क्रँक आणि पिस्टन. फुल म्हणजे वर हेड, पंप, सगळा संसार. आम्ही फुल बघितलं.

मिस्त्रींची मुलगी बघण्याची पद्धत शिकण्यासारखी होती. इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलं. बॅटरी जोडली. डिझेलची बाटली वर टांगून, सलाइन लावावी तशी नळी सोडली. सुरू व्हायच्या आधी त्यांनी क्रँकची पुली हातानं हलवून खेळ पाहिला. ऑइलची काडी काढून नाकाशी नेली. ऑइल ताकासारखं पांढुरकं दिसलं, तर आत पाणी शिरलंय. म्हणजे गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचं झाकण उघडून त्यावर तळहात धरला. तिथून भसाभस वारा आला, तर रिंगा आणि बोअर झिजलेत. वरचा दाब खाली गळतोय. मग धूर. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल पितंय. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. पांढरा धूर थंडीत क्षणभर चालतो. मे महिन्यात चालत नाही. मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"आयका भाऊ, इंजिन बोलस. आपण गप ऱ्हावानं."

अहिराणीत सांगितलेलं असल्यामुळं ते मला पटलं. आम्ही सगळे गप्प राहून ऐकू लागलो. मला नुसती धडधड ऐकू येत होती. त्यांना त्यात चार सिलिंडर वेगवेगळे ऐकू येत होते. गाण्याच्या मैफलीत माझं नेहमी असंच होतं.

शेवटी दोन इंजिनं उरली. पहिलं सत्तर हजारांचं. आवाज खणखणीत, धूर नाही, झाकणातून वारा नाही. फक्त नंबराच्या जागी कानस फिरल्यासारखी चकाकी होती आणि कागद विचारताच दुकानदाराला फोन आला. दुसरं पंच्याण्णव हजारांचं. अपघातात चेपलेल्या गाडीतलं. थोडं जास्त चाललेलं, आवाजाला जरा खरखर. पण त्याच्याबरोबर पक्कं बिल होतं आणि ज्या गाडीतून ते निघालं तिची नोंदणी रद्द झाल्याचा कागद होता.

मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, पंचवीस हजार म्हणजे माझे दोन हप्ते. आणि पहिलं चांगलं वाजतंय. नंबर काय केळी बघणारेत?"

प्रश्न बिनतोड होता. केळी नंबर बघत नाहीत. बघतात ते पोलिस, आरटीओ आणि विमा कंपनी, आणि तेही आपली वेळ वाईट असते तेव्हाच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातली माहिती खोटी ठरेल असा बदल आरटीओच्या मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते. १९३९ च्या कायद्यातही असल्या बदलांवर नजर होतीच. सयाजीराव गेले त्याच वर्षी हा कायदा आला, हा निव्वळ योगायोग. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळातल्या एका प्रकरणात आणखी बजावलं, की कारखानदारानं ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी भलतीकडे नेता येणार नाही. म्हणजे 'त्याच गोत्रातलं' हा नियमही आता पक्का झाला. जीपच्या पोटात मेटाडोर घालण्याचे दिवस गेले. शिवाय आताच्या इंजिनाला तारांचं जाळं आणि एक छोटा संगणक असतो. परक्या गोत्रातलं इंजिन आलं, की तो रुसून बसतो. सासूबाई परवडल्या.

पण कायद्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. कानस फिरलेला नंबर म्हणजे कुणाची तरी गाडी गेलेली असू शकते. मेरठला सोतीगंज नावाचा बाजार होता. चोरीच्या गाड्या तासाभरात सुट्या करण्याबद्दल त्याची देशभर ख्याती. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी तो बंद केला. तिथं सुटी झालेली प्रत्येक गाडी कुणाची तरी हप्त्यावर घेतलेली असणार, आणि गाडी चोरीला गेली तरी हप्ता चोरीला जात नाही, हे मी रोज काउंटरवर पाहतो. माझ्यासमोर उभा राहून, "साहेब, गाडी गेली," असं म्हणणाऱ्या माणसाचा चेहरा माझ्या मावसभावानं पाहिलेला नाही. मी पाहिला आहे. मी त्याला तेवढंच सांगितलं.

तो काही बोलला नाही. मिस्त्री कापसाच्या बोळ्यानं हात पुसत म्हणाले, "मुकं पोर चालस भाऊ. बिगर नावनं चालत नही."

पंच्याण्णव हजारांवर सौदा ठरला. कमी पडलेले पैसे मावशीच्या पाटल्यांवर उभे राहिले. सोनेतारण आमच्या शाखेत, म्हणून तो फॉर्म मीच भरला. जळगावचं सोनं असल्यामुळं वजनात वाद नव्हता, आणि पाटल्यांना इंजिन नंबर नसतो, ही मोठी सोय. मावशी एवढंच म्हणाली, "त्याच्या बहिणीच्या लग्नाआधी सुटल्या पाहिजेत." तारीख अजून ठरलेली नव्हती, तरी मी ती कर्जाच्या मुदतीत मनातल्या मनात धरली.

इंजिन चढवायला दोन दिवस लागले. दुकानदारानं आधीच सांगितलं होतं, "एकदा गाडीत चढलं, की परत घेणार नाही." १९५६ चा हिंदू दत्तक कायदा तरी दुसरं काय सांगतो? रीतसर झालेलं दत्तक रद्द करता येत नाही. बँकेची संमती आली, आरटीओत अर्ज झाला, तपासणी झाली आणि नोंदणीपत्रावर नवा नंबर चढला. दरम्यान व्यापाऱ्यानं दुसरी गाडी लावलेली होती. ते गिऱ्हाईक परत यायला पावसाळा उजाडला. पाटल्या लग्नाच्या आठ दिवस आधी सुटल्या. नव्या इंजिनाची खरखर अजून आहे. मावसभाऊ म्हणतो, त्याशिवाय आता त्याला करमत नाही.

आता पुढं काय, असा प्रश्न इतिहासकारानं शेवटी विचारायचा असतो. विजेच्या गाड्या आल्या आहेत. त्यांना इंजिनच नाही. मोटर आणि बॅटरी. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारनं, बॅटरी न बसवलेल्या विजेच्या गाडीचीही नोंदणी करता येईल, असं कळवलं. बॅटरी वेगळी घ्या, वाटेत उतरवा, दुसरी चढवा. सकाळी एक, संध्याकाळी दुसरी. याला दत्तक म्हणता येणार नाही. हे पाळणाघर झालं. एक तर त्यात जीव गुंतत नाही, आणि मावशीच्या पाटल्याही मोडाव्या लागत नाहीत.

पुढं एकदा धुळ्याला गेलो तेव्हा मी मिस्त्रींना विचारलं, की विजेच्या गाडीला आवाजच नसतो, मग तुम्ही ऐकणार काय? त्यांच्या शेडबाहेर तशी एक रिक्षा उभी होतीच. त्यांनी मला गप्प राहायची खूण केली, वाकून तिच्या पाठीमागच्या चाकाशी कान नेला आणि बराच वेळ तसेच बसले. मी वाट पाहिली. मग ते उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बेअरिंग गयं."